काळी वाळू आणि कावेरी

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत, असं तिथली माणसं सांगतात. भगवती किल्ल्याचा डोंगर समुद्रात पुढे घुसला आहे. त्याच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. पाणी एकच, फरक वाळूचा. ओहोटीच्या वेळी मांडवीच्या पुळणीवर काळे पट्टे उमटलेले दिसतात. त्यातली मूठभर वाळू उचलली की ती हाताला जड लागते. घरी आणून वाळवली, कागदावर पसरली आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला, तर काही कण ताठ उभे राहून चुंबकामागे धावतात. तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. साध्या चुंबकाला दाद न देणारे काही काळे, चकचकीत कण मागे उरतात. ताकदवान चुंबक आणला तर तेही हळूहळू सरकू लागतात. ते इल्मेनाइट. त्यात लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन एकत्र बांधलेले असतात.

हे कण आले सह्याद्रीतून. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा काळा कातळ झाला. त्या कातळात इल्मेनाइटचे बारीक कण विखुरलेले होते. कोकणातल्या पावसाने कातळ कुजवला, त्याचा जांभा झाला, आणि काजळीसारख्या नद्यांनी, खाड्यांनी तो गाळ समुद्रात ओतला. पुढचं काम लाटांचं. सुपात धान्य पाखडताना हलकं ते उडून जातं आणि जड ते मागे राहतं, तसं लाटांनी हलकी वाळू वाहून नेली आणि जड काळे कण किनाऱ्याशी राखून ठेवले. मालगुंड, नेवरे, काळबादेवी, मिऱ्या या पट्ट्यात हे साठे आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीच्या उपसागरांत पाण्याखालच्या वाळूचे नमुने काढून इल्मेनाइट समुद्रतळावरही पसरलेलं असल्याचं दाखवून दिलं.

टायटॅनियमचा शोधही अशाच वाळूत लागला होता. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने ओढ्याकाठची काळी, चुंबकाला चिकटणारी वाळू तपासली आणि तिच्यात एक अनोळखी धातू असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर दीडशे वर्षं या धातूचा कुणाला फारसा उपयोग सुचला नाही. तो सुचला जेट इंजिन आल्यावर.

जेट इंजिनाची गोष्ट बहुतेक लेखक आराखड्यापासून सुरू करतात. मी ती वाळूपासून सुरू केली, कारण आपल्या देशात इंजिनाचं घोडं अडलं ते धातूपाशी आणि चाचणीपाशी. आराखडा काढणारी माणसं आपल्याकडे फार लवकर तयार झाली होती. त्यांतल्या एकापासून पुढे जाऊ.

कोल्हापूर परिसरातले विष्णू माधव घाटगे १९३० च्या दशकात जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. हवेच्या प्रवाहाचं आधुनिक शास्त्र ज्यांच्यापासून सुरू होतं, ते हे प्रांटल. घाटग्यांना १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्याच विद्यापीठात, त्याच काळात, हान्स फोन ओहाइन नावाचा तरुण भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करत होता. १९३५ मध्ये त्याने ती मिळवली आणि चार वर्षांनी, २७ ऑगस्ट १९३९ रोजी, त्याच्या इंजिनावर हाइंकेल १७८ हे जगातलं पहिलं जेट विमान उडालं. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल स्वतंत्रपणे तेच करत होता. म्हणजे जेट युगाचा जन्म झाला त्या गावात आपला एक मराठी माणूस त्याच विद्येचा अभ्यास करत होता. ही बाब मला फार मोलाची वाटते. आपण उशिरा पोहोचलो, असं सरसकट म्हणता येत नाही.

घाटगे भारतात परतले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या विमानशास्त्र विभागाची घडी त्यांनी बसवली आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आराखड्यांचं काम हाती घेतलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी तिथे रचलेलं पहिलं यान होतं जी-१, दहा आसनांचं, सैनिक वाहून नेणारं ग्लायडर. भारतात रचलेलं पहिलं लष्करी वाहतूक यान हे असं होतं आणि त्याला इंजिनच नव्हतं. पुढे ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं. वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर घडल्या. विमान आपलं, इंजिन ब्रिटिश.

हा नमुना पुढे चालूच राहिला. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरला जुळवलेलं पहिलं अॅव्हरो मालवाहू विमान उडालं. त्याची डार्ट इंजिनं रोल्स-रॉइसची. १९८० च्या दशकात एएन-३२ आली, तिची इंजिनं युक्रेनची. आयएल-७६ आलं ते सोव्हिएत डी-३० इंजिनांवर. २०११ मध्ये आलेलं सी-१३०जे आणि २०१३ मध्ये आलेलं सी-१७, दोन्ही अमेरिकी, इंजिनांसकट. अॅव्हरोची जागा घेणारी सी-२९५ विमानं आता वडोदऱ्याच्या टाटा-एअरबस कारखान्यात जुळवली जातात. एकूण ५६ पैकी ४० तिथे व्हायची आहेत, आणि त्यांची इंजिनं कॅनडाची. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. त्या दलाची डॉर्नियर विमानं कानपूरला बांधलेली, पण त्यांच्या इंजिनांचा मूळ आराखडा अमेरिकेचा, आपल्याकडे परवान्यावर बनवलेला.

मालवाहू विमान म्हणजे दुय्यम काम, असं अनेकांना वाटतं. लेह-लडाखमधल्या चौक्यांना हिवाळ्यात अन्न, रॉकेल आणि दारूगोळा पुरवायचा, भूकंपाच्या गावी बचाव पथकं पोहोचवायची, परदेशात अडकलेले नागरिक परत आणायचे, हे सगळं याच विमानांवर अवलंबून असतं. युक्रेनशी २००९ मध्ये आपण एएन-३२ विमानांच्या नूतनीकरणाचा करार केला. २०१४ मध्ये तिथे रशियाशी संघर्ष पेटला आणि सुट्या भागांचा पुरवठाच विस्कटला. लढाई दुसऱ्यांची, पण अडचणीत आली आपली विमानं. स्वदेशी इंजिन हवं म्हणण्यामागे अभिमान असतोच, पण त्याहून मोठं कारण हे आहे.

आता एक विसरलेली गोष्ट सांगायला हवी. हवाई दलाकडे १९५० च्या दशकापासून अमेरिकी बनावटीची सी-११९ पॅकेट विमानं होती. दोन पिस्टन इंजिनांवर चालणारी ही विमानं लडाखच्या विरळ हवेत धापा टाकत. तेव्हा बंगळूरला १९५७ मध्ये सुरू झालेल्या इंजिन विभागात ब्रिस्टलचं ऑर्फियस हे जेट इंजिन परवान्यावर बनत होतं, मुख्यतः नॅट या लढाऊ विमानासाठी. त्यातलं एकेक इंजिन पॅकेटच्या पाठीवर बसवण्यात आलं. उड्डाणाच्या वेळी आणि चढताना जादा जोर मिळावा, म्हणून. पॅकेट विमानांनी त्या काळात हिमालयात जी कामगिरी केली ती अचाट आहे. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर उतरवलं. समुद्रसपाटीपासून ती पाच हजार मीटरहून उंच आहे. भारतात बनलेल्या जेट इंजिनाने लष्करी मालवाहू विमानाला हातभार लावला तो असा. आराखडा मात्र परक्याचा होता. परवान्यावर इंजिन बनवताना कसं बनवायचं ते कळतं, पात्याचा आकार असाच का आणि मिश्रधातूत तो घटक तेवढाच का, हे मात्र कळत नाही. परवाना देणारा ते सांगत नाही, आणि त्याने का सांगावं?

जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या मरुत या लढाऊ विमानाला याचाच फटका बसला. १७ जून १९६१ रोजी ते उडालं, पण ज्या जोरकस ऑर्फियस इंजिनासाठी ते रचलं होतं ते इंजिन ब्रिटनने पुरं केलंच नाही. अखेर ते कमी ताकदीच्या इंजिनावर चालवावं लागलं. इजिप्तच्या इंजिनाचाही प्रयत्न झाला, मरुत तिथे नेऊन उडवलं गेलं, आणि तोही सोडून द्यावा लागला. विमानाचा सांगाडा उत्तम होता. इंजिनाअभावी त्याची उमेदच खुंटली.

गॅस टर्बाइन संशोधनाची संस्था १९५९ मध्ये कानपूरला सुरू झाली आणि १९६१ मध्ये बंगळूरला हलली. आपण तिला जीटीआरई म्हणतो. तिला मोठं काम मिळायला १९८९ साल उजाडलं. हलक्या लढाऊ विमानासाठी म्हणजे पुढच्या तेजससाठी कावेरी इंजिन बनवायचं. मंजूर रक्कम ३८३ कोटी रुपयांच्या घरात, मुदत १९९६ अखेरची.

कावेरीपुढचं आव्हान समजून घ्यायचं तर इंजिनाच्या आत डोकवावं लागेल. जेट इंजिन समोरून हवा ओढतं, पात्यांच्या रांगांमधून तिला दाबतं, दाबलेल्या हवेत इंधन जाळतं आणि तो तापलेला वायू मागे सोडतं. मागे जाताना तो वायू टर्बाइन फिरवतो, आणि टर्बाइन एकाच दांड्यावरून पुढची दाब यंत्रणा फिरवतं. कावेरीत बाहेरच्या हवेचा दाब एकवीसपटीहून जास्त वाढवायचा होता. दाब यंत्रणेची पुढची पाती आणि चकत्या टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. टायटॅनियमचं वजन पोलादाच्या साठ टक्क्यांच्या आत भरतं आणि ताकद मात्र त्याच्या तोडीची. पण साधारण ५००-६०० अंशांपुढे तो साथ सोडतो, आणि दाबलेल्या गरम हवेत घासला गेला तर पेटही घेतो. म्हणून मागच्या बाजूला निकेलचे मिश्रधातू लागतात.

खरी अग्निपरीक्षा टर्बाइनच्या पात्यांची. कावेरीत वायूचं तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जायचं होतं. निकेलचे मिश्रधातू साधारण १,३५० अंशांच्या आसपास वितळू लागतात. वितळणबिंदूहून तापलेल्या वायूत पातं टिकवायचं, तेही मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात, जेव्हा एकेका पात्याला काही टनांची ओढ बसत असते. त्यासाठी पातं पोकळ ओततात. आत अरुंद वाटा असतात, दाब यंत्रणेतून वळवलेली तुलनेने थंड हवा त्यांतून खेळते आणि पात्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून त्याच्याभोवती पातळ थर धरते. वरून सिरॅमिकचा लेप असतो. एवढ्याने भागत नाही. साधा ओतीव धातू असंख्य छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो. उष्णतेत आणि ताणाखाली तो त्या स्फटिकांच्या सांध्यांवर हळूहळू ताणला जातो आणि एक दिवस तुटतो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं वाढवतात. साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवतात, तळाशी बरेच स्फटिक उगवतात, पण वरच्या वाटेला एक नागमोडी अरुंद नळी ठेवलेली असते. तिच्यातून एकच स्फटिक पुढे सरकतो आणि सगळं पातं व्यापतो.

ही विद्या कोणताही देश विकत नाही. कावेरीच्या सुरुवातीला ती आपल्याकडे नव्हती. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने पुढे ती कमावली. एप्रिल २०२१ मध्ये तिने हेलिकॉप्टर इंजिनासाठी एक-स्फटिकी पात्यांचा ६० नगांचा संच हिंदुस्थान एरोनॉटिक्सला (एचएएल) दिल्याचं डीआरडीओने जाहीर केलं. त्याच प्रयोगशाळेने २,००० टनांच्या दाबयंत्रावर टायटॅनियमच्या चकत्या घडवण्याची रीत बसवली. यात धातू आणि साचा दोन्ही जवळजवळ सारख्याच तापमानाला ठेवून सावकाश दाब देतात, नाहीतर टायटॅनियम तडकतं. या चकत्या जग्वार आणि हॉक विमानांच्या अडूर इंजिनांसाठी एचएएलने स्वीकारल्या. कावेरीचं काम सुरू झालं तेव्हाच हे दोन्ही हातात असतं, तर त्या प्रकल्पाची कहाणी वेगळी झाली असती, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्यक्षात काय झालं? इंजिन १,१०० किलोचं हवं होतं, ते सव्वाबाराशे किलोच्या पुढे गेलं. जादा इंधन जाळून मिळणारा जोर ८१ किलोन्यूटन हवा होता, तो ७० च्या आसपास अडला. मात्र जादा इंधनाशिवायचा, म्हणजे कोरडा जोर लक्ष्याच्या अगदी जवळ पोहोचला होता, ५२ च्या जागी ४९ ते ५१. मधल्या काळात १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी अमेरिकी इंजिनावर उडालं आणि २००८ मध्ये कावेरीची तेजसपासून अधिकृत फारकत झाली. खर्चाची सुधारित मंजुरी २,८३९ कोटींवर गेली होती. लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, वर्तमानपत्रांनी अपयशाचे मथळे दिले. सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत सांगितलेले आकडे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. नऊ पूर्ण इंजिनं, चार गाभा इंजिनं, ३,२१७ तासांची चाचणी. प्रत्यक्ष खर्च सुमारे २,०३६ कोटी. जगातल्या प्रस्थापित कंपन्या नव्या इंजिनावर करतात त्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

आणि या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दिवस आला तो ३ नोव्हेंबर २०१०. मॉस्कोजवळच्या ग्रोमोव संशोधन संस्थेत चाचणीसाठी राखलेलं एक आयएल-७६ होतं. त्याच्या चार इंजिनांपैकी एक उतरवून तिथे कावेरी बसवली गेली. विमान धावपट्टीवरून उठलं, ६,००० मीटरपर्यंत चढलं, ध्वनीच्या वेगाच्या सहा दशांश वेगाने उडालं आणि तासाभराहून जास्त वेळाने सुखरूप उतरलं. उड्डाणापासून उतरेपर्यंत कावेरी चालू होती. लढाऊ विमानासाठी भारतात रचलेलं जेट इंजिन पहिल्यांदा आकाशात गेलं ते असं, एका मालवाहू विमानाच्या पंखाखाली.

मला यात एक धडधडीत सूचना दिसते. एका इंजिनाच्या लढाऊ विमानात इंजिन बंद पडलं की वैमानिकापुढे बाहेर उडी घेण्याखेरीज फारसं काही उरत नाही. चार इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं तर उरलेली तीन त्याला घरी आणतात. नवं, न रुळलेलं इंजिन वाढवायचं तर अशा विमानावर वाढवावं. आपण सुरुवातच सर्वांत अवघड ठिकाणापासून केली: एक इंजिन, कमीत कमी वजन, जास्तीत जास्त जोर, आणि विमानाचं वेळापत्रक इंजिनाच्या मानगुटीवर. त्यात कामाला लागलेल्या अभियंत्यांचा दोष नव्हता. ठरवणाऱ्यांनी ठरवलं, अभियंत्यांनी ते अंगावर घेतलं.

पण कावेरी जशीच्या तशी मालवाहू विमानाला चालणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. लढाऊ इंजिन थोडी हवा फार वेगाने मागे फेकतं. मालवाहू विमानाला भरपूर हवा बेताच्या वेगाने ढकलणारं इंजिन लागतं, कारण तेवढाच जोर त्यात कमी इंधनात मिळतो. म्हणून अशा इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. त्या पंख्याने ओढलेली बहुतेक हवा आतल्या ज्वलनात जातच नाही, बाहेरून वळसा घालून मागे निघते. कावेरीत गाभ्यातून जाणाऱ्या प्रत्येक किलो हवेमागे जेमतेम १६० ग्रॅम हवा बाहेरून जाते. आयएल-७६ च्या डी-३० मध्ये हे प्रमाण अडीच किलोच्या आसपास आहे, सी-१७ च्या इंजिनात सहा किलोच्या आसपास. जोरही वेगळा, डी-३० चा ११८ किलोन्यूटन, सी-१७ च्या प्रत्येक इंजिनाचा १८० च्या आसपास. शिवाय ही इंजिनं हजारो तास पंखाखाली राहायची असतात. त्यांचा कस लागतो टिकाऊपणात.

तरीही गाभा जमला, तर अर्धी लढाई जिंकल्यासारखं होतं. दाब यंत्रणेचा मागचा भाग, ज्वलनकक्ष आणि पहिलं टर्बाइन मिळून गाभा होतो, आणि सगळ्यात कठीण धातू तिथेच असतो. अमेरिकेत बी-१ बॉम्बरसाठी एफ-१०१ इंजिन बनलं. त्याच गाभ्यापासून एफ-११० हे लढाऊ विमानाचं इंजिन निघालं, आणि त्याच गाभ्यावर मोठा पंखा चढवून फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत सीएफएम-५६ निघालं. जगभरच्या प्रवासी विमानांत ते लागलंच, हवाई दलांच्या इंधनवाहू विमानांतही लागलं. कावेरीचा गाभा आहे काबिनी. त्यावर मोठा पंखा बसवून काय साधेल, हा प्रश्न आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही याची मला खंत आहे.

चीनने हा रस्ता पायरीपायरीने कापला. त्यांचं वाय-२० हे मोठं मालवाहू विमान २६ जानेवारी २०१३ रोजी उडालं ते रशियाच्या डी-३० इंजिनांवर. विमान सेवेत आणलं, वापरलं, आणि मोठ्या पंख्याचं स्वतःचं डब्ल्यूएस-२० इंजिन मागून तयार करून त्याच विमानावर चढवलं. विमान इंजिनासाठी थांबलं नाही आणि इंजिनाचं काम विमान उडालं म्हणून बंद पडलं नाही. युरोपचा अनुभव वेगळा धडा देतो. ए-४००एम या मालवाहू विमानासाठी चार देशांच्या कंपन्यांनी मिळून नवं टर्बोप्रॉप इंजिन बनवलं. धातू, यंत्रं, पैसा सगळं हाताशी असूनही इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकीय प्रणालीने विमानाला मोठा उशीर लावला. मे २०१५ मध्ये सेव्हिलला चाचणी उड्डाणात तीन इंजिनांचा ताबा सुटून विमान कोसळलं, चार जण गेले. इंजिनांच्या नियंत्रकांतली काही माहिती जमिनीवरच पुसली गेली होती. धातूइतकंच हे अंग जोखमीचं आहे.

आपल्या धातूच्या साखळीत अजून काही कड्या कच्च्या आहेत. इल्मेनाइटपासून टायटॅनियम काढणं वेळखाऊ असतं. क्लोरिनची प्रक्रिया करून त्याचं द्रवरूप क्लोराइड करतात, ते शुद्ध करतात, मग आर्गॉन वायूत बंद भांड्यात तापलेल्या मॅग्नेशियमशी त्याची गाठ घालून देतात. भांड्यात उरतो तो सच्छिद्र, करड्या रंगाचा गठ्ठा, त्याला स्पंज म्हणतात. केरळात चवरा इथे हा स्पंज बनवणारा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. तंत्र हैदराबादच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेचं, पैसा इस्रोचा, क्षमता वर्षाला ५०० टन. तिथल्या किनाऱ्यावरही काळीच वाळू आहे. तो स्पंज हैदराबादच्या मिधानी या मिश्रधातूंच्या कारखान्यात निर्वातात वितळवून लादी होते, त्यातून इंजिनाचा माल निघतो. रत्नागिरीची वाळू या साखळीत आलेली नाही. ती यावी की नाही हा वेगळा, गंभीर प्रश्न आहे. पुळण उपसली तर किनारा खचतो, आणि मिऱ्याच्या लोकांनी समुद्र किती आत येतो ते आधीच पाहिलं आहे. किनाऱ्याच्या गावांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये, असं मला वाटतं.

महाराष्ट्राचा वाटा आज कारखान्यांतून येतो. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या विभागात कोरड्या, म्हणजे जादा इंधन न जाळणाऱ्या कावेरीचे आठ भाग-संच बनवण्याचं काम आहे. पुण्याची भारत फोर्ज रोल्स-रॉइसच्या इंजिनांसाठी पंख्याची पाती घडवते. नाशिकजवळ ओझरला सुखोई लढाऊ विमानं जुळवली गेली. अशा कामात रुळलेला फिटर, वेल्डर, तपासनीस एका पिढीत घडत नाही. त्याचा हात तयार व्हायला इंजिनाइतकाच काळ लागतो. प्रकल्प मधेच थांबवला की हा तयार हात आधी निघून जातो.

कोरड्या कावेरीवर आता मानवरहित लढाऊ विमानासाठी काम चालू आहे. तिच्या उड्डाण चाचण्यांसाठी २०२५ मध्येही आपल्याला रशियातल्या आयएल-७६ कडेच जावं लागलं. उडत्या चाचणीसाठी रांगेत उभं राहायचं, इंजिन खोक्यात भरून परदेशी पाठवायचं, दोष सापडला की परत आणून दुरुस्त करायचं आणि पुन्हा रांग धरायची. एकेका सुधारणेत महिनोन् महिने जातात. आपल्या हवाई दलाची आयएल-७६ विमानं १९८५ पासून सेवेत आहेत आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांतलं धडधाकट असं एखादं विमान जीटीआरईच्या हवाली करावं. तीन डी-३० तशीच ठेवावीत आणि चौथ्या जागी आज कोरडी कावेरी, उद्या एचएएलचं २५ किलोन्यूटनचं इंजिन, आणि पुढे मोठ्या पंख्याचा पहिला नमुना टांगून बंगळूरच्या आकाशात आठवड्याला दोनदा उडवावा. विमान आपल्याकडे आहे, त्याची देखभाल जाणणारे तंत्रज्ञ अजून सेवेत आहेत, आणि ही इंजिनंही आपली आहेत.